अकराचा आग्रह

समस्त अमरावतीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कॅथलिक धर्मातल्या चिन्हांचा आणि आकड्यांचा अर्थ सांगण्याचा अंतिम अधिकार रोमकडे नसून आमच्या फुलवाल्या मामांकडे आहे. मी जन्माचा कॅथलिक, गेली वीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतो. तरी मामांपुढे मी कच्चा लिंबू. मामा जातीचे माळी. शेवंती, झेंडू, निशिगंध आपल्याच मळ्यात पिकवतात, सकाळी देवीच्या देवळात हार पोचवतात आणि तिथून त्यांची सायकल थेट चर्चच्या फाटकाशी. वेदीवर फुलं मांडता मांडता त्यांनी आमचा अख्खा धर्म नुसता बघून शिकून घेतला.

क्रुसावर येशूच्या डोक्याशी I.N.R.I. अशा चार रोमन अक्षरांची पाटी असते. मामांनी ती दात्याची ठरवली. देवळातल्या पंख्यावर, फरशीवर, घंटेवर असतं तसं नाव. अकोल्याला जठारपेठेतल्या लेकीकडे जाऊन आले आणि आदरानं म्हणाले, "अकोल्याच्या चर्चातबी यायचंच नाव हाये, मास्तर. लई मोठं घरानं दिसते." मी सांगितलं, ती 'यहुद्यांचा राजा' म्हणून मारणाऱ्यांनी टिंगलीसाठी ठोकलेली पाटी. मामांनी विचारलं, "मंग तुमी ते आजवर काढली कावून नाई?" दुसऱ्या दिवशी त्या पाटीवर शेवंतीचा हार होता, चारही अक्षरं झाकेल असा.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वेदीवर फुलं नसतात. मामांच्या लेखी ते सुतक. चाळीस दिवसांचं म्हणून त्यांनी कॅलेंडरवर मोजलं, तर भरले शेहेचाळीस. मी खुलासा केला की रविवार धरत नाहीत. मामांनी मान डोलावली आणि देवीच्या देवळात जाहीर करून टाकलं की ख्रिस्ती लोकांचं सुतक दर रविवारी सुट्टीवर जातं.

आणि मग यंदाचा पवित्र गुरुवार. आमचे म्हातारे फादर ईस्टर झाला की कायमचे दक्षिणेत, आपल्या गावी निघणार होते. हेच फादर दर वर्षी मामांच्या मळ्यात पहिली शेवंती बघायला जायचे आणि बांधावर बसून चहा प्यायचे. येशूनं शेवटच्या भोजनाला शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. मांडलेल्या बारा खुर्च्या बघून मामांचा चेहरा उतरला. निघालेल्या माणसासाठी बारा? बारावं तर मेलेल्याचं घालतात. फादर पुन्हा दिसायला हवे असतील तर अकराच करा, असं ते मला, वॉचमनला, झाडू मारणाऱ्या बाईला विनवत फिरले. कुणी ऐकेना. आणि काय नवल, धामणगावहून यायचे होते ते बारावे गृहस्थ आलेच नाहीत. दाराशी उभ्या मामांनी छताकडे बघून हात जोडले.

फादरांनी खुर्च्या मोजल्या, रिकामी खुर्ची पाहिली आणि पाण्याचा तांब्या घेऊन सरळ माझ्या पेटीशेजारच्या दाराकडे चालत आले. मामांनी आधीच मान हलवून नाही म्हटलं. फादर हळू आवाजात म्हणाले, "मामा, आमच्यात बारा म्हणजे सगळे. कुणी बाहेर राहिलं नाही, असा तो आकडा. तुम्ही इथे उभे, मग माझे बारा व्हायचे कसे?"

मामा त्या रिकाम्या खुर्चीकडे गेले. ज्या आकड्याला दिवसभर भीत होते, तो स्वतः बसून पुरा केला. टाचांच्या भेगांत मळ्याची माती होती. पाय खुर्चीखाली दडवायला बघत होते. फादर गुडघ्यांवर बसले, तेव्हा त्यांची हाडं वाजलेली पार मागच्या बाकापर्यंत ऐकू आली. त्यांनी पाणी ओतलं, माती धुतली, पंच्यानं टिपलं आणि वाकून त्या पायावर ओठ टेकले. मी गीत सुरू करायचं होतं. जन्मभर पाहिलेला तो विधी मी पेटीवरचे हात विसरून बघत राहिलो. तेवढ्यात मामांचा रडवेला, खणखणीत आवाज घुमला :

"उठा न, फादर... तुमीच खाली बसले तं मी पाया कोनाच्या पडू?"