वन्संच्या दोन गाड्या

आमच्या वन्संनी मोठी गाडी विकली तेव्हा साऱ्या लोणावळ्याला वाटलं, पेट्रोल परवडेना म्हणून विकली. मलाही तसंच वाटलं होतं. मी त्यांच्याच घरात राहणारी, त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवणारी. तरी मला कळलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. माझं लग्न होऊन मी लोणावळ्याला आले तेव्हा त्यांना वैधव्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्यांचे यजमान खोपोलीच्या वीजघरात इंजिनीअर होते. काविळीचं निमित्त झालं आणि गेले. मूलबाळ नव्हतं. भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, त्यांना आपल्याकडे आणलं. त्यांच्याबरोबर दोन ट्रंका आल्या, एक शिवणाचं मशीन आलं आणि ती गाडी आली.

गाडी विलायतेहून आलेली. देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून त्यांच्या यजमानांनी घेतलेली. काळपट तांबडा रंग, सहा सिलिंडरचं इंजिन आणि पुढे हे एवढं लांब नाक. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या वाजायच्या. सगळ्यांनी वन्संना विकायचा सल्ला दिला. विधवा बाईला कशाला हवी मोटार, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण ते सगळ्यांच्या मनात होतं. वन्संनी कुणाशी वाद घातला नाही. यजमानांनी त्यांना मळवलीच्या सपाट रस्त्यावर गाडी शिकवली होती, ती त्या चालवत राहिल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी गाडी काढायच्या.

मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले ती डोळे मिटून. त्यांनी पदर कमरेला खोचला, चष्मा पुसला आणि खंडाळ्याच्या पुढे घाटात गाडी सोडली. खोपोलीपर्यंत उतरायचं, तिथे झाडाखाली पाच मिनिटं थांबायचं आणि परत चढायचं, एवढाच कार्यक्रम. चढताना वन्संचा चेहराच बदलायचा. ओठ मिटलेले, मान किंचित पुढे. ट्रक वाफा सोडत कडेला उभे असायचे, त्यांचे ड्रायव्हर डबे घेऊन पाणी शोधत असायचे आणि आमची गाडी घाट संपूच नये अशी वर जायची. एरवी घरात त्या फार बोलत नसत. पण घाट चढून आलो की बोलायच्या. यजमान कसे हसायचे, कुठल्या वळणावर त्यांनी वन्संच्या हातून चाक काढून घेतलं होतं आणि त्यावरून दोघं कसे भांडले होते. मला हळूहळू कळलं, की ते सगळं ऐकायला मी शेजारी हवी असायचे.

गाडीचं पोट मात्र भरता भरत नसे. लिटरला पाच किलोमीटर कशीबशी जायची. पंपावरचा म्हातारा म्हणायचा, "बाई, हिच्या टाकीला भोक तर न्हाई ना?" वन्संही हसायच्या. शाळेचा पगार आणि थोडं पेन्शन, त्यातलं बरंचसं तिथे जायचं. पातळं त्या वर्षाला दोनच घ्यायच्या.

मग एका हिवाळ्यात तेल देणाऱ्या देशांनी भाव वाढवले. पंपावरचा आकडा बघून लोक तोंडात बोट घालायला लागले. दर रविवारचं जाणं महिन्यातून दोनदा झालं, मग एकदा. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायला लागली. एक दिवस शाळेतून आल्यावर चपला काढता काढता वन्सं म्हणाल्या, "गाडी विकायची ठरवलीय मी."

ह्यांना बरं वाटलं. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

गिऱ्हाईक परंदवडीचं आलं. घरची शेती, शिवाय माणसं ने-आण करायचा धंदा. माणूस सरळ होता. गाडीभोवती फिरला, वाकून खाली बघितलं, दार उघडून मागची सीट दाबून पाहिली.

"बाई, गाडी झ्याक हाय. पर पेट्रोलवर हिला कोण पोसणार? डिझेलचं इंजिन बसवतो अन् सोमाटण्याला लावतो धंद्याला. धा माणसं बसत्याल आरामात."

"आणि हे इंजिन?" वन्संनी विचारलं.

"ते जाईल भंगारात. दुसरं काय?"

 वन्संनी किल्ली माझ्या हातात दिली आणि घरात गेल्या. किल्ली मीच त्या माणसाला दिली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मांडणीवरच्या वाट्या वाजल्या आणि थांबल्या. वन्सं देवघराशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "भात लाव. तुझे यजमान येतील आता."

मला वाटलं होतं, संपला हा अध्याय. पण पंधरा-वीस दिवसांनी त्या एकट्याच मुंबईला गेल्या आणि येताना दुसरी गाडी चालवत आल्या.

ही अगदी लहान होती. दोन दारांची, पांढरी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. कुणा हौशी मुलाने शर्यतीसाठी तयार करून घेतली होती. दोन कार्ब्युरेटर, आखूड गिअर, दाबून बसवलेल्या स्प्रिंगा. तो परदेशी निघाला म्हणून स्वस्तात गेली. ह्यांनी कपाळाला हात लावला. "अक्का, गाडी हवीच होती तर साधी घ्यायचीस! हे काय पोरांचं खेळणं!"

"निम्म्या पेट्रोलात जाते," वन्सं म्हणाल्या. "आणि घाट चढते. मला आणखी काय हवंय?"

मला त्यांनी शेजारी बसवलं आणि समोर बोट दाखवलं. "हिचं नाक बघ केवढंसं. बसल्या जागेवरून दोन्ही कडा दिसतात." त्या हे इतक्या समाधानाने म्हणाल्या, की मीही खूष झाले. कडा दिसण्यात एवढं काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुन्हा रविवार सुरू झाले. सपाटीवर ही गाडी मोठीच्या पासंगालाही पुरत नव्हती, पण वळणांवर मांजरासारखी फिरायची. मोठी गाडी वळणाला जरा रुसायची, तिला समजावून घ्यावं लागायचं. हिला नुसतं दाखवलं की पुरे. वन्सं एकदा चढताना मोठ्याने हसल्यासुद्धा.  पण घाट चढून आल्यावरच्या यजमानांच्या गोष्टी बंद झाल्या. खोपोलीच्या झाडाखाली मीच एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, "ही गाडी त्यांनी कुठे पाहिलीय?" आणि किल्ली फिरवली.

त्याच सुमारास त्यांनी मला गाडी शिकवायला घेतलं. मोठ्या गाडीच्या वेळी कधी विषय निघाला नव्हता. मी नको नको म्हणत होते, वय झालंय म्हणत होते. त्या हट्टाला पेटल्यासारख्या रविवारी सकाळी मला मळवलीच्या रस्त्यावर नेऊन चाकावर बसवायच्या. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची. शाळेतल्या मुलींवर त्या कधी चिडत नसत म्हणे, माझ्यावर चिडायच्या. "लवकर शीक. किती दिवस घेणार आहेस?" मला त्यांच्या घाईचं नवल वाटायचं.

भातं निघून गेल्यावरचे दिवस होते. दुपार कलली होती, आम्ही मळवलीकडून लोणावळ्याला परत येत होतो. वन्सं चालवत होत्या, नेहमीसारख्या जोरात. औंढे गावाच्या बाजूने, डावीकडच्या शेतातून, पेंढ्याने भरलेली बैलगाडी रस्त्यावर चढत होती. मी ती बरीच आधी पाहिली. त्यांनीही पाहिली असेल, असं धरून चालले. त्या वेग कमी करीनात तेव्हा मी ओरडले, "वन्सं! बैल!"

त्यांनी ब्रेक दाबला, पण उजवीकडे घेतलं नाही. बैल कुठल्या बाजूला आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. डाव्या दिव्याची काच फुटली आणि अलीकडचा बैल गुडघ्यावर बसला. मग आडवा झाला. जोखडाने दुसऱ्याची मान खाली ओढली गेली.

गाडीवानाने उडी मारून आधी जोखड सोडवलं. मग आमच्याकडे आला. तरुण शेतकरी होता. रागापेक्षा त्याच्या तोंडावर गोंधळच जास्त होता. "बाई, येवढी गाडी भरून पेंढा, त्यो बी दिसला न्हाई तुमाला?"

"नाही दिसला," वन्सं म्हणाल्या.

मागून त्याची आई चालत आली. तिने बैलाच्या पायावरून हात फिरवला आणि मोडलेलं हाड हाताला लागल्यावर तशीच खाली बसली. वर न बघता म्हणाली, "दिसत न्हाई तर मोटार कशाला हाकता?"

मला वाटलं, वन्सं आता उन्हाचं काहीतरी सांगतील. ऊन खरंच समोरून येत होतं.

"खरं आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "मला कडेचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. दोन वर्षं झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी चालवू नका म्हणून सांगितलं होतं."

रस्त्याच्या कडेला उभी राहून, वन्सं त्या अनोळखी बाईला सांगत असताना, मी हे पहिल्यांदा ऐकलं. काचबिंदू होता. आधी बाजूचं जातं, मग हळूहळू सगळं आवळत येतं. मोठ्या गाडीचं डावं टोक त्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून ती गेली. पेट्रोलचे भाव वेळेवर वाढले आणि त्यांना कुणाला काही सांगावं लागलं नाही. लहान गाडीत कडा जवळ आल्या, तेवढ्यावर त्यांनी वर्षभर काढलं.

घरी गाडी मी आणली. दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. वन्सं शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

बैलाची भरपाई ह्यांनी केली. पण वन्संना तेवढ्याने चैन पडेना. तीन-चार दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "औंढ्याला चल." आम्ही चालत गेलो. बैल गोठ्यात पडून होता. त्याच्या पोटाखाली पेंढा घातला होता, तोंडाशी चारा तसाच होता. म्हातारी आम्हाला बघून उठली नाही. वन्सं गोठ्याच्या अंधारात शिरल्या आणि हात पुढे करून चाचपत बैलाच्या पाठीपर्यंत गेल्या. तो हात हवेत फिरताना म्हातारीने पाहिला. ती उठली आणि तिने वन्संचा दंड धरला.

"हितं खाच हाय, बाई. बेतानं."

आम्हाला तिने गूळ-पाणी दिलं.  आम्ही निघालो तेव्हा वन्सं म्हणाल्या, "मावशी, पुन्हा नाही चालवणार."

"आता काय," म्हातारी म्हणाली.

बैल त्याच आठवड्यात गेला.

त्यानंतर गाडी माझी झाली. म्हणजे मी चालवायचे आणि वन्सं शेजारी बसायच्या. रविवारी घाटात जायला मी धजत नव्हते, म्हणून आम्ही मळवलीपर्यंत जाऊन यायचो. शर्यतीसाठी तयार केलेली ती गाडी मी भाजी आणायला निघाल्यासारखी चालवायचे. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जायचे. वन्सं सुरुवातीला सांगायच्या, "गिअर बदल, इंजिन रडतंय." किंवा हळूच म्हणायच्या, "जरा दाब की." मी दाबायचे आणि लगेच पाय काढायचे. पुढे त्यांनी सांगणं सोडून दिलं.

एका रविवारी मलाच राहवलं नाही. मळवलीच्या सरळ रस्त्यावर दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. मी दात आवळले आणि पाय खालपर्यंत दाबला. गाडी एकदम जिवंत झाली. झाडं मागे पळायला लागली. वन्सं ताठ बसल्या. त्यांची मान पूर्वीसारखी किंचित पुढे आली.

"काटा कितीवर आहे?"

मी सांगितलं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला भीती वाटतेय ना?"

"हो."

"मग कमी कर. माझ्यासाठी नको."

मी पाय काढला.  पुढच्या रविवारी मी किल्ली घेऊन आले तर त्या शिवणाच्या मशीनवरची धूळ पुसत होत्या. "आज तू जाऊन ये," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी विचारायचं सोडलं. एकटीला मला कुठे जायचं होतं? पावसाळ्याआधी ह्यांनी गाडी विकून टाकली. कोणी नेली ते वन्संनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

वन्सं पुढे बरीच वर्षं होत्या. शाळा सुटली. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. रोज संध्याकाळी मी त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे. त्याने आता काही होणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. तरी दिवेलागणीला त्या खुर्चीत मान मागे टेकून बसायच्या, आणि मी बाटली घेऊन जायचे.