चार बोटांची पट्टी

त्यांना सगळा डेपो पेंटर म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी बसच्या पाट्या हाताने रंगवल्या. पुढे बसच्या कपाळावर दिव्यांच्या पाट्या आल्या, अक्षरं आपोआप सरकायला लागली, आणि पेंटरांची बदली हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खोलीत झाली. ब्रश घरी गेले, नाव मात्र सोबत आलं.

खोलीत तीन भिंतींना फळ्या होत्या. फळ्यांवर छत्र्या, डबे, एकेकटे बूट आणि एक कुबडी. कुबडी विसरून माणूस घरी कसा गेला, हे आजवर कोणाला उलगडलं नव्हतं. काउंटरवर एक कॉम्प्युटर होता, लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालणारा. त्यात दोन विंडो उघडायच्या. एकीत हरवलेल्या वस्तूची तक्रार, दुसरीत सापडलेल्या वस्तूची नोंद. दोन्हींतले रकाने अगदी सारखे: नाव, पत्ता, वस्तू, रंग, बस, तारीख. फरक काय तो वरच्या पट्टीवरच्या शीर्षकात. एकीवर ‘हरवले’, दुसरीवर ‘सापडले’.

पेंटरांना ती निळी पट्टी मनापासून आवडायची. पहिल्याच दिवशी त्यांनी फूटपट्टी लावून तिची उंची मोजली होती. सात मिलिमीटर. “थोडी बुटकी आहे,” ते म्हणाले होते, “पण सरळ आहे.”

एका सोमवारी कॉम्प्युटर उघडला, तर पट्टीच गायब. नवी आवृत्ती आली होती. विंडोच्या माथ्यावर एक करडी कड उरली होती, तिच्यात एक भिंग आणि तीन आडव्या रेघा. शीर्षक नाहीच.

डेपोचे सगळे कॉम्प्युटर एक बाई सांभाळायच्या. त्या आल्या, पाहिलं, म्हणाल्या, “आता सगळीकडे असंच असतं. तेवढी जागा वाचते.”

“वाचलेल्या जागेचं काय करायचं?”

“जास्त माहिती दिसते.”

पेंटरांनी पडद्याकडे बोट केलं. रकाने पूर्वीही सहा होते, आताही सहाच होते. खाली पांढरी जागा तेवढी वाढली होती. बाई पुढच्या कॉम्प्युटरकडे गेल्या.

महिन्याभरात गोंधळ दिसायला लागला. छत्री हरवलेल्या एका आजींना डेपोकडून पत्र गेलं, ‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत.’ बसमध्ये सापडलेलं ट्रम्पेट इमानदारीत आणून देणाऱ्या गृहस्थांना कळवण्यात आलं की ‘आपले ट्रम्पेट शोधण्याचे प्रयत्न सुरू आहेत.’ आजी पत्र घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या. “छत्री नाही तर नाही,” त्या म्हणाल्या, “पण असं पत्र मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं. फ्रेम करायचंय, शिक्का तेवढा नीट मारून द्या.”

पेंटरांनी शिक्का मारला, पण हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी बायकोला म्हणाले, “माझ्या हातून बावीस वर्षांत एक बस चुकीच्या गावाला गेली नाही.”

बायको शिवणकाम करायची. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, “अहो, मग रंगवा की तुम्हीच.”

पेंटरांनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्या बाईंना गाठलं. लिनक्समध्ये डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, एकच नसतो, हवा तो निवडता येतो, आणि काहींत पट्टी आपल्या पसंतीने बदलताही येते, हे त्यांना तेव्हा कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकेक डेस्कटॉप लावून पाहिला. एकात बटणं डावीकडे होती. एकात पट्टीवर दोनदा टिचकी मारली की अख्खी विंडो पडद्यासारखी वर गुंडाळली जायची आणि नुसती पट्टी उरायची. पेंटरांनी ती अकरा वेळा गुंडाळली.

मग त्यांनी घरून ब्रश आणले. कागदावर अक्षरं काढली, ‘हरवले’ लाल, ‘सापडले’ हिरवं. मात्रांना डोक्यावर मोकळी हवा हवी, म्हणून पट्टी चार बोटं उंच ठेवली. बाईंनी ते स्कॅन करून बसवून दिलं. लोकांना आपली नोंद वाचता यावी म्हणून पेंटरांनी पडदा काउंटरकडे वळवला. रांगेच्या टोकावरूनही पट्टी वाचता येत होती. त्या महिन्यात एकही पत्र चुकलं नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण वेळापत्रकवाल्या बाई डावखुऱ्या, त्यांना बंद करायचं बटण डावीकडे हवं झालं. ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाला ते बटणच नको होतं, कारण त्याचा हात चुकून त्यावर पडायचा आणि ड्रायव्हर कुठल्या बसवर जायचं ते विचारत फिरायचे. डेपोच्या साहेबांना प्रत्येक पट्टीवर स्वतःचं नाव हवं होतं, पदासकट. पदव्याही घातल्यावर पट्टी इतकी वाढली की साहेबांना पत्र वाचायला खाली जागाच राहिली नाही.

साहेबांनी समिती नेमली. सात बैठका झाल्या. डाव्या बाजूला तेरा मतं, उजव्या बाजूला तेरा. पेंटरांना विचारलं, तर ते म्हणाले, “मला अक्षरांशी मतलब, बटण छतावर लावा.” ते मत बाद धरलं गेलं. शेवटी साहेबांनी तोडगा काढला आणि आदेश निघाला, बंद करायचं बटण सर्व विंडोंच्या पट्टीत बरोबर मध्ये राहील.

बटण बरोबर मध्ये बसलं. ‘सापडले’ दुभंगलं. एका बाजूला ‘साप’, मग मोठी लाल फुली, मग ‘डले’.

दुपारी पेंटर एका डब्याची नोंद करत होते. रांगेतल्या एका बाईंनी पडदा वाचला.

“कुठे सापडला हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“चौदा नंबरमध्ये, मागच्या सीटखाली,” पेंटर मान वर न करता म्हणाले.

“आणि आता कुठे आहे?”

“हा काय, फळीवर ठेवतोय. झाकण घट्ट आहे.”

बाई रांग सोडून निघाल्या, वाटेत भेटेल त्याला सांगत. दहा मिनिटांत डेपोचं आवार रिकामं झालं. ड्रायव्हर बसच्या टपांवर जाऊन बसले. सर्पमित्र आला, त्याने काठीने डबा उघडला. आत दोन उकडलेली अंडी होती. “अंडी आहेत म्हणजे तो आसपासच असणार,” कोणीतरी दारातून म्हणालं. ती अंडी कोंबडीची आहेत हे पटवण्यात आणखी तासभर गेला. सर्पमित्राला साप तरी हवा होता, नाही तर साप नव्हता असं लेखी तरी. साहेबांनी लिहून दिलं, पदव्यांसकट.

संध्याकाळी साहेबांनी पेंटरांना बोलावलं. पेंटर उभेच राहिले.

“तुमचं काय म्हणणं आहे?”

“शब्द तोडू नये, साहेब. बाकी ज्याचं त्याला ठरवू द्या.”

समिती बरखास्त झाली आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर ज्याची त्याची पट्टी परतली. साहेबांनी स्वतःच्या पट्टीवरून नाव काढलं, पदवी एक ठेवली.

दोन वर्षांनी पेंटर निवृत्त झाले. कॉम्प्युटरवाल्या बाईंनी त्यांची पट्टी इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवली होती. कुठल्या कुठल्या माणसांची पत्रं यायची. एकाने विचारलं होतं, मात्रा वर न कापता कशी बसवलीत? पेंटरांनी त्याला उत्तरादाखल आठ पानं लिहिली.

निवृत्तीनंतर त्यांनी घरी एक जुना कॉम्प्युटर आणला. गिऱ्हाइकांची मापं लिहायला तो बायकोनेच ताब्यात घेतला. चार दिवसांनी पेंटर डोकावले, तर विंडो पडद्याच्या चारही कडांना टेकलेली. पट्टी नाही, शीर्षक नाही, बटणही नाही.

“हे कोणी केलं?”

“मीच. जागा वाचते.”

“वर नाव नको का काही?”

“माझी वही मला माहीत नाही होय?”

पेंटर दोन दिवस त्या पडद्याभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फूटपट्टी आणून टेबलावर ठेवली आणि चार मिलिमीटर तरी द्यावेत, अशी विनंती केली. तिने मशीन थांबवलं, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “तीन.”

पेंटर ब्रश शोधायला आत गेले.