न दिसलेले दिवे

एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, आणि समोर पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. दर सहा महिन्यांनी नजरेची हीच तपासणी. कंटाळा येतो आता.

मागच्या वेळी तपासणाऱ्या मुलीने मला पकडलंच. "काका, अंदाजाने दाबताय तुम्ही. दिवा नसतानाही दाबलंत." रिपोर्टवर न दिसलेली जागा काळी छापून येते, ती कमी यावी म्हणून. तीस वर्षं वर्गात पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि या वयात मीच कॉपी करत होतो.

मुळात मला काचबिंदू आहे हेच पटत नव्हतं. डोळ्यांचा दाब नॉर्मल, दुखणं नाही, पेपरातलं अक्षर स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "दाब इतरांसारखाच आहे सर, पण तुमच्या डोळ्यांच्या नसेला तेवढाही सोसत नाही. तो आणखी उतरवायचा. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राखू." तेव्हापासून रोज थेंब. चारचौघांना सहज पेलतं ते आपल्याला पेलत नाही, हे कबूल करण्यातच माणूस जास्त दमतो.

आज मात्र ठरवून बसलो, दिसलं तरच दाबायचं. दोनचारदा दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही, समोर नुसता पांढरा उजेड.

"काका, झोप लागली का?" मुलीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो, "जागाच आहे."