करीचा वाटा

मी पदवीपर्यंत पोचलो याचं श्रेय कोणाला, असं कोणी विचारलं तर मी एका खाटकाकडे बोट दाखवतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. आज सकाळी चंद्रपूरच्या बाजारात एका दुकानाच्या मागच्या बाजूला बाई वजडी धूत बसली होती. गरम पाणी, चुना आणि जनावराच्या पोटातल्या ओल्या गवताचा वास एकत्र येऊन नाकाशी आला. आई गेल्याला चार महिने होत आले. एवढ्या दिवसांत मला कशाचाच वास आला नव्हता. भातही नुसता गरम लागायचा. हा वास मात्र आला. आला, आणि त्यानेही काही झालं नाही. मी पिशवी धरून उभा राहिलो.

चाचांचं दुकान तालुक्याच्या गावी, आमच्या गावापासून दोन कोसांवर. दुकान म्हणजे बांबूचे तीन तट्टे, वर कवेलूंचं छप्पर आणि आत चिंचेचा ओंडका. घाव झेलून झेलून तो मधोमध ताटासारखा खोलगट झाला होता. कलेजी, गुर्दे, तिल्ली, फेफडे एका तारेला ओळीने टांगलेले असत. मटण पळसाच्या पानात बांधून मिळे आणि घरी येईपर्यंत पानाला रक्ताचा नकाशा उमटे. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा म्हातारा उठून बसत नाही, हे चाचांना आधीच कळलेलं असे. न मागता पायाचे तुकडे पानावर पडत.

पण चाचा आमच्या गावात येत ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. श्रावण संपलेला, बैल निवांत, आणि सगळं गाव मिळून एक बोकड. रक्त धरायला ताट पुढे आलं की चाचा तोंड फिरवून म्हणत, "ते तुमचं तुमी पाहा, माह्या समोर नको." गावातल्या बायका त्याची रक्ती कांद्यावर परतत. मग वाटे पडत. जितक्या चुली तितके वाटे, प्रत्येक वाटा पळसाच्या पानावर. मांस तर सारखं पडेच, पण कलेजीचा एक तुकडा, फेफड्याचा एक, आतडीची एक बोटी, वजडीचा एक चौकोन, हेही प्रत्येक पानावर मोजून. कोणाला नुसतं चांगलं आणि कोणाला नुसतं उरलेलं, असं होत नसे. तरी भांडण नको म्हणून चाचा पाठ फिरवून उभे राहत. एक जण काडीने कुठल्याही वाट्याला शिवून विचारी, "हा कोणाचा?" चाचा न बघता एकेका घरधन्याचं नाव घेत. ज्याचं नाव, त्याचा वाटा.

मी चौथीत होतो त्या वर्षी बाप गेला होता. करीला आई मागे, बायकांच्याही मागे, रिकामी पातेली घेऊन उभी होती. ती येणारच नव्हती. शेजारणीने ओढून आणलं होतं. काडी धरणारा म्हणाला, "चाचा, यंदा एक कमी धरा. तो माणूस नाई राह्यला ना."

"माणूस नाई राह्यला. चूल हाय का नाई?"

"चूल हाय. पण नाव कोणाचं घेता? मेलेल्याचं?"

कोणी तरी हसलं. "पोट्ट्याचं घ्या! पोट्टा आताच घरधनी होऊन राह्यला."

चाचा वळले. वाटे पडल्यावर ते वळलेले गावाने कधी पाहिले नव्हते. आईकडे पाहून म्हणाले, "बाई, तुमचं नाव काय जी?"

आमच्या गावात सुनेचं नाव कोणी घेत नसे. ती अमक्याची बायको, नंतर अमक्याची माय. मलाही ते नाव नीट ठाऊक नव्हतं. आईने पदर ओठांशी धरला. मला वाटलं, आता ती घरी निघून जाईल आणि आमचा वाटा कायमचा जाईल. तिने नाव सांगितलं, पण ते पदरातच राहिलं. "आवाज नाई आला, बाई," चाचा म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी विहिरीवरच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. चाचा परत पाठमोरे झाले. काडी शिवली, आणि त्यांनी ते नाव घेतलं.

त्या दिवशी तिने वजडीत अंबाडी घातली होती. आंबट, चिकट, जिभेला खरखरीत. पुढे तिने ते नाव सगळीकडे सांगितलं: रेशनच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, माझ्या वसतिगृहाच्या अर्जावर पालकाच्या रकान्यात. अर्ज घेणारे गुरुजी म्हणाले, "वडिलांचं लिहा." ती म्हणाली, "माहं लिवा. मी हावो ना इथी." त्या अर्जावर मी शिकलो.

गेल्या आठवड्यात चाचांच्या नातवाचा फोन आला. चाचांना आता ऐकू येत नाही. त्यांनी विचारायला लावलं होतं, की पोळा जवळ आला, तुमच्या घराला कुलूप आहे, तर यंदा वाटा पाडायचा की नाही. पत्राने कळवतो, म्हणून मी फोन ठेवला. बाजारातून परतल्यावर हे पत्र लिहिलं आणि टाकून आलो.

"चाचा, सलाम. नातवाकडून वाचून घ्या.

आमचा वाटा पाडू नका. तुमचाच नियम आहे, चुलीला वाटा. आमची चूल आता नाही, आणि वर्षातून एक दिवस मी येऊन पेटवली तर ती चूल होत नाही. आईला हे पटलं असतं.

टेकडीकडच्या वस्तीत एक बाई नवऱ्यापासून वेगळी निघून राहते, हे शेजारणीने सांगितलं. तिची चूल उन्हाळ्यापासून पेटते आहे. ती स्वतःहून येणार नाही. कोणाला तरी बोलवायला पाठवा.

मी करीला येणार नाही. राग नसावा. आई गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. वाट्यांसमोर उभा राहिलो तर ते येईल, आणि एवढ्या लोकांत मला ते नको आहे. दिवाळीत येतो, तेव्हा दुकानात तुम्ही एकटे असाल अशा वेळी येतो."