दादानं गिटारला दांडी बसवली

आमच्या दादाच्या दुकानातून डुगडुगणारी वस्तू आजवर बाहेर पडलेली नाही. सुतारकाम हा त्याचा धंदा, आणि हालणं हा त्याचा शत्रू. एका गिऱ्हाइकानं झुलती खुर्ची मागितली, तर त्याला म्हणाला, "दुसरीकडे बघा." कुणाकडे जेवायला गेलो तरी आधी टेबलाचा कोपरा दाबून बघतो. वहिनी डोळे वटारत राहते, हा खाली वाकून पायाखाली कागदाची घडी सरकवतो आणि मगच पहिला घास घेतो. एकदा डॉक्टरांच्या खोलीत तपासायच्या पलंगाखाली शिरला होता. डॉक्टर बाहेरून विचारतायत, नेमकं दुखतंय कुठे?

अशा माणसाकडे मी माझ्या गिटारला मुद्दाम हालणारी वस्तू बसवायला दिली. आता यात शहाणं कोण, तुम्हीच ठरवा.

आम्ही एकाच घरात राहतो. पुढे दादाचं दुकान, मागे आम्ही तिघं. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. एका हॉटेलात संध्याकाळी आमचा छोटा बँड असतो. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. दादाचं त्यावर एकाच शब्दात मत: "टिंगटिंग." हॉटेलात तो एकदाही आला नाही. वहिनी दर वेळी त्याची बाजू घेते. "अगं, दमतो तो." दमतो कसला, सात वाजता पेपरातली कोडी सोडवत बसलेला असतो.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं पेर सुजलं ते सुजलंच. डॉक्टर म्हणाले, तार दाबा, पण बोटानं ओढू नका, हलवू नका. ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांना सांगते. तार नुसती दाबली की सूर येतो, पण सपाट येतो, दारावरच्या घंटीसारखा. दाबलेलं बोट जरा हलवलं की सूर थरथरतो, आणि प्रत्येकाचं थरथरणं वेगळं असतं. माझं गेलं. बाकी सगळं तसंच होतं. गाणी तीच, ताल तोच. आमचा कीबोर्डवाला माझी समजूत काढायला म्हणाला, "ताई, काही बिघडत नाही. कुणाला कळतसुद्धा नाही."

बिचारा चांगल्या मनानं बोलला, पण मला ते फार लागलं. कुणालाच कळत नसेल, तर इतकी वर्षं मी जीव ओतत होते तो कुणासाठी? मी वहिनीला सांगून टाकलं, एक उपाय करून बघते, नाही जमलं तर बँड सोडते.

उपाय म्हणजे तारांच्या शेपटाशी बसवायचा एक धातूचा तुकडा. त्यात एक स्प्रिंग आणि वर एक लांब दांडी. उजव्या हातानं दांडी जराशी दाबली की सगळ्या तारा किंचित सैल होतात, सोडली की पुन्हा ताठ. सूर थरथरतो आणि डाव्या बोटाला काही करावं लागत नाही. सोबत नवा ब्रिजही होता, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती दोन पायांची पट्टी. ते खोकं घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे निघाले, तर दादा दारात आडवा.

"तुझ्या गिटारला परका माणूस भोकं पाडणार? मी काय मेलोय का?"

काम मात्र त्यानं देखणं केलं, खोटं कशाला बोलू. गिटार जुन्या रजईवर निजवली. जुन्या तारा आणि जुना ब्रिज काढला. गिटारच्या डोक्यापासून तळापर्यंत दोरा ताणून मधली रेघ काढली, कारण तो तुकडा केसभर जरी तिरका बसला तर तारा एका अंगाला ओढल्या जातात. रंग उडू नये म्हणून कागदी टेप लावली, टोच्यानं खूण केली आणि हळूहळू भोकं पाडली. स्क्रूला साबण फिरवला. मी बाजूलाच उभी. "इथं उभी राहून श्वास घेऊ नकोस," तो म्हणाला, "लाकडाला वारा लागतोय."

मी चहा करून आणेपर्यंत त्यानं नवा ब्रिजही बसवला. मग नव्या तारा. त्यांची टोकं त्या तुकड्यावरच्या बारीक खुंट्यांत अडकवायची असतात. एक अडकवली की दुसरी निसटायची. दादा तोंडातल्या तोंडात जे पुटपुटत होता ते मी इथे सांगत नाही.

अखेर लागल्या. मी सूर जुळवले, एक तार छेडली, दांडी दाबली. सूर थरथरला आणि माझ्या अंगावर काटा आला. दांडी सोडली, तर सूर परत जागेवर येईना. सगळ्या तारा बेसूर.

पुन्हा जुळवलं, पुन्हा तेच. दादानं खापर तारांवर फोडलं. दुसऱ्या दिवशी तारा बदलल्या. गिटारच्या डोक्याशी ज्या खाचांतून तारा जातात तिथे तार अडकत असेल म्हणून मी पेन्सिलीचं शिसं घासलं. काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले. मुकाट्यानं गिटार पेटीत ठेवायला घेतली. वहिनीनं पेटीचं झाकण उघडून धरलं.

ठेवण्याआधी मी सहज ब्रिजवर बोट ठेवलं आणि दांडी दाबली. तारा त्याच्यावरून खरखरत पुढे सरकल्या. परत येताना मध्येच अडकल्या. ब्रिज जागचा हलला नाही.

"दादा, हा ब्रिज एवढा घट्ट कसा?"

"घट्टच हवा," तो अभिमानानं म्हणाला. "तुमचा माल खराब आला होता. पाय भोकांत नुसते लटलटत होते. दोन्ही बाजूंनी बारीक पाचर मारली. आता हत्ती बसला तरी हलायचा नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याला समजावलं, अरे, तो डुलायलाच हवा. तारांबरोबर पुढे जातो, तारांबरोबर मागे येतो. तो अडला की तारा घासतात आणि मध्येच राहतात.

दादानं गिटार पुन्हा रजईवर निजवली. "म्हणजे लटलटता ठेवायचा?"

"हो."

"माझ्या हातानं?"

"मग कुणाच्या?"

त्यानं तारा सैल केल्या, ब्रिज उचलला आणि चिमट्यानं दोन्ही पाचरी काढल्या. चेहरा असा, की स्वतःचा दात उपटतोय. ब्रिज परत ठेवला, बोटानं हलवून बघितला, डोळे मिटून घेतले.

मी सूर जुळवले. दांडी दाबली, सोडली. सूर जागेवर. पुन्हा दाबली, पुन्हा जागेवर. आनंदाच्या भरात मी एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत दांडी नुसती हलवत सुटले.

"असं नाही," दादा म्हणाला.

"काय असं नाही?"

"तू बोट पहिल्यापासून नाही हलवायचीस. आधी सूर सरळ धरायचीस. इतका वेळ, की वाटायचं आता तसाच सोडणार. आणि मग अगदी सोडता सोडता जरासं." तो पटाशी पुसत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "तू मागे घरात वाजवायचीस, तेव्हा पुढे काम करताना मी तेवढ्यापुरता रंधा थांबवायचो. वर्षभरात नाही थांबवला."

 मी तीच तार छेडली. सूर सरळ धरला, धरून ठेवला, आणि अगदी शेवटी दांडीला बोट लावलं.

"हां," दादा म्हणाला, "ही तू."

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.