वाडीवरच्या बाईचं मत

उकंडराव वाशीमच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले ते १९२४ साली. मूळचे रिठदचे, शेतकऱ्याच्या घरातले, मराठी सातवी झालेले. १९१८च्या मानमोडी तापाच्या साथीत त्यांची बायको गेली, तेव्हा लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. दुसरं लग्न कर, असं भावांनी दोन-तीनदा सुचवलं. उकंडराव नुसते ऐकून घेत. पुढे भावांनी सांगणंही सोडलं आणि बोलावणंही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चूल, खाट आणि कपाटात न मावलेली पुस्तकं एवढं त्यांचं बिऱ्हाड होतं.

सकाळी वकील आणि शाळामास्तर यायचे, नागपूरचा एक दिवस शिळा पेपर वाचून वाद घालायचे आणि निघून जायचे. पुस्तक नेणारे थोडेच, आणि ‘कोणतं नेऊ?’ असं विचारणारा तर एकही नाही. वाचनालयात सहाशे चाळीस पुस्तकं होती. उकंडरावांनी ती सगळी वाचली होती, आणि त्यातल्या एकाबद्दलही कोणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

तिसऱ्या वर्षी, एका बाजाराच्या दिवशी, गोजराबाई पायरीशी येऊन उभी राहिली. गावाबाहेरच्या माळ्यांच्या वाडीवरून ती भाजी विकायला येई. पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली, डोक्यावर मेथीची पाटी.

“मास्तर, एक पुस्तक पायजे होतं.”

“तुले वाचता येते?”

“मले कायचं येते? आमच्या वाडीवर कस्तुराबाई हाय. नवरा मेला तिचा, मायेरीच राह्यते. भावानं वाचाले शिकवलं तिले. तिच्यासाठी पायजे.”

बायका वाचनालयात येत नसत. उकंडरावांनी पुस्तक स्वतःच्या नावावर लिहिलं, पण ते निवडायला त्यांना अर्धा तास लागला. गोजराबाई तोवर पायरीवरच उभी होती. शेवटी त्यांनी ठळक अक्षरातली एक कादंबरी काढली. सासुरवाशिणीची गोष्ट होती. गोजराबाईनं ती फडक्यात गुंडाळून मेथीखाली ठेवली.

पुढच्या बाजाराला पुस्तक परत आलं.

“काय म्हनल्या बाई?” उकंडरावांनी विचारलं.

गोजराबाई जरा थांबली. मग म्हणाली, “बाई म्हने, गोष्ट चांगली हाय. पन लिहिनाऱ्यानं कापूस येचला नाही कधी. सून सकाळीच येचाले जाते अन् तिचे हात कोरडे. दवानं कापूस वला राह्यते ना, मास्तर.”

उकंडरावांना हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं. त्यांनी एका कोऱ्या वहीत ते मत लिहून घेतलं, पुढे ‘क. बाई’ असं लिहिलं, आणि दुसरं पुस्तक काढून दिलं. गोजराबाई वहीकडे बघत होती.

असं नऊ वर्षं चाललं. दर बाजाराला एक पुस्तक जाई, एक येई, आणि त्याच्याबरोबर मत येई. चोराच्या गोष्टीवर बाई म्हणे, चोर कोण ते आपल्याला दुसऱ्या पानावरच समजलं, पोलिसालाच तेवढं समजलं नाही. एका महाराजांच्या चरित्रावर बाई म्हणे, महाराजांचं सगळं सांगितलं, पण त्यांनी घर सोडल्यावर बायकोला कोण पोसत होतं ते सांगितलं नाही. उकंडराव आठवडाभर त्या एका वाक्यावर विचार करत. स्वयंपाक करता करता मनातल्या मनात बाईंना उत्तर देत. बाईंचा चेहरा कसा असेल हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. भेटावं असं कधी बोलले नाहीत, ते बरं दिसलं नसतं.

नवी पुस्तकं घ्यायची तेव्हा ते ती वही घेऊन बसत. कमिटीपुढे सांगत, “एका जाणत्या वाचकाचं मत असं आहे.” वाचनालयाचे सेक्रेटरी हिरालाल वकील ते मत वाचून दाखवत आणि बहुतेक वेळा पुस्तकं त्याला धरूनच घेतली जात. पुढे पुढे ते आपणहून विचारू लागले, “तुमच्या वाचकाचं काय म्हणणं?”

१९३६च्या श्रावणात गोजराबाई दोन बाजार आली नाही. तिसऱ्या बाजाराला, दुपारी वाचनालय रिकामं असताना, दारात एक बाई उभी राहिली. तिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं. हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक होतं.

“मी कस्तुरा. वाडीवरची. पुस्तक वापस कराले आली.”

उकंडराव उठून उभे राहिले. बसायला खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“गोजराबाई?”

“गेली मावशी. पटकीनं. आज बारा दिवस झाले.”

उकंडरावांनी हात पुढे केला. त्यांनी पुस्तक घेतलं, उगाच चाळलं. मग नऊ वर्षं जे दुसरीकरवी विचारलं तेच तोंडातून निघालं, “हे कसं वाटलं तुमाले?”

कस्तुराबाई गोंधळली. “मले काय वाटनार? मी नुस्ती वाचत होती. अक्षरं इसरू नये म्हनून. मावशी आयकत होती.”

“पन तुमी सांगून पाठवत होत्या ते? कापसाचं, महाराजाच्या बायकोचं?”

“ते समदं मावशीचंच बोलनं. मी त वाचता वाचता पेंगत होती. मावशीच मले थांबवून इचारे, असं कसं झालं, तसं काहून नाही झालं.”

“मंग तुमचं नाव काहून सांगे?”

“म्या इचारलं होतं एक डाव.” तिनं पदर सावरला. “म्हने, भाजीवालीचं बोलनं मास्तर वहीत लिहितीन काय?”

उकंडराव खाली बसले. नऊ वर्षं गोजराबाई त्यांच्यासमोर पायरीवर, ओझं डोक्यावर घेऊन बोलली होती. न पाहिलेल्या बाईंबद्दल ते ‘काय म्हनल्या?’ असं आदरानं विचारत आले आणि तिला ‘तू’ म्हणत राहिले. एकदाही ‘पाटी खाली ठेव, बस’ असं म्हटलं नव्हतं.

“दुसरं एखादं नेता?” त्यांनी विचारलं.

“नाही, मास्तर. आता कोनाले वाचून दाखवू?” असं म्हणून ती गेली.

चार दिवसांनी उकंडराव वाडीवर गेले. गोजराबाईचा नवरा चंपत वांग्याला पाणी देत होता. पुस्तकांचं त्याला ठाऊक होतं, मतांचं नव्हतं.

“घरी त ती जास्त बोले नाही,” तो म्हणाला. “जेवतानी चूपच राहे. मले वाटे, तिचा सभावच तसा हाय.” 

दोघं बांधावर बसले. चंपतनं पाटाचं मातीचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं आणि पुन्हा येऊन बसला. उकंडरावांना वाटलं, गोजराबाईनं मला काय काय सांगितलं ते याला सांगावं. एक-दोन गोष्टी त्यांनी सांगितल्याही. चंपत खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “मले कधी सांगतलं नाही.”

दिवाळीआधी कमिटी बसली. पुस्तकांची यादी पुढे होती. हिरालाल वकिलांनी सवयीनं विचारलं, “तुमच्या वाचकाचं काय म्हणणं?”

“वारल्या त्या,” उकंडराव म्हणाले. “गोजराबाई. वाडीवरून भाजी आणायच्या त्या. लिहिता-वाचता येत नव्हतं त्यांना.”

कोणीतरी हसलं, थट्टा समजून. उकंडरावांनी वही उघडून पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. वकिलांनी बराच वेळ पानं उलटली. गोजराबाईची भाजी त्यांच्या घरीही जात असे. “आमच्या दारात तर ती कधी काही बोलली नाही,” ते म्हणाले. त्या दिवशी यादी मंजूर न होता तशीच राहिली.

पुढच्या महिन्यापासून बाजाराच्या दिवशी दुपारी उकंडराव वाचनालयाच्या ओसरीवर सतरंजी घालून मोठ्यानं वाचू लागले. कोणी मागितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. भाजीवाल्या, बांगड्या विकणाऱ्या, मेडशीकडून आलेल्या दोन-तीन जणी सावलीला म्हणून टेकायच्या. उकंडराव प्रत्येकीला आधी पाटी उतरवून बसायला सांगत. वाचून झालं की चष्मा काढून विचारत, “काय वाटलं तुमाले? कायी खोटं वाटलं काय?”

“चांगलं हाय, मास्तर,” बाया म्हणत, आणि पाट्या उचलून बाजाराकडे जात.