पिवळ्या बोटांच्या चिठ्ठ्या

१२ मार्च. सकाळपासून अंगणात हळद शिजवतेय. कढईची वाफ तोंडावर आली आणि माझं सरपंचपद गेलं तो दिवस आठवला.

तेव्हाही हळदीचेच दिवस होते. सदस्यांनी माझ्यावर अविश्वास ठराव आणला होता. मला ठेवायचं की काढायचं, हे ग्रामसभेने चिठ्ठीवर गुप्त शिक्का मारून ठरवायचं होतं. राग एकाच गोष्टीचा होता: नवी पाइपलाइन मी आधी खालच्या वस्तीत नेली. त्या वस्तीतल्या बाया तेव्हा उपसरपंचाच्या शेतात ओली हळद मोडायला जात. तिथूनच त्या थेट शाळेत मतदानाच्या रांगेला आल्या.

“हात तरी धुवून यायचं गं,” मी म्हणाले.

“आठ-आठ दिस न्हाई जात हा रंग, ताई,” त्यांच्यातली कौशल्या हसली. “तुमी काहून घाबरून राहिल्या? आमी हाव ना!”

मोजणी माझ्यासमोर झाली. मला काढा म्हणणाऱ्या गठ्ठ्यात पिवळी बोटं उमटलेल्या चिठ्ठ्या एकामागून एक पडत गेल्या. दारात उभ्या कौशल्येलाही त्या दिसल्या. तिने हात पदराखाली घेतले.

तेव्हा फार लागलं. आता कळतं, की पाणी मी दिलं होतं खरं, पण त्यांची मजुरी उपसरपंचाच्या हातात होती. त्याने कामावरून काढलं असतं, तर मी त्यांना काय देणार होते?

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या वस्तीला पाणी सोडलं आणि माझ्याकडे असलेली व्हॉल्व्हची चावी, कारभार आता ज्याच्याकडे गेला होता त्या उपसरपंचाच्या घरी देऊन आले.